स्थिर उभं राहणं मोजायचं कसं?

डोंगराळ धडगावच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी खालच्या झिऱ्यावरून आणावं लागतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, पायाखाली मुरमाची घसरडी पायवाट. चढण चढणाऱ्या बाईची मान हलत नाही. सगळी जुळवाजुळव कंबर, गुडघे आणि घोटे करत असतात. अशा माणसांचा तोल मोजायचा झाला तर शहरात तयार झालेली मापं जशीच्या तशी चालतील का?

निरोगी माणूस नुसता उभा असतो तेव्हाही तो डोलत असतो. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांची जाणीव यांच्याकडून मेंदूला सतत खबर जाते आणि स्नायू शरीर सावरत राहतात. १९व्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरित्झ रोम्बर्ग यांनी यातला डोळ्यांचा आधार काढून घेतला. पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचे. पायांची जाणीव हरवलेला माणूस लगेच डगमगतो. आता प्रयोगशाळेत माणसाला दाब मोजणाऱ्या फळीवर उभं करतात आणि त्याच्या भाराचा केंद्रबिंदू किती, किती वेगानं सरकला, ते नोंदवतात.

खरी अडचण पुढे आहे. तोच माणूस तासाभरानं पुन्हा उभा राहिला की आकडा बदलतो. तोल बिघडला म्हणून नव्हे. डोलणं मुळातच अनियमित असतं. तोल मोजणाऱ्या अनेक अभ्यासांचा २०१० मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. दर वेळी सुमारे ९० सेकंद उभं करा आणि तीन ते पाच वेळांची सरासरी घ्या, अशी त्याची शिफारस होती. एका आकड्यावरून कुणाचाही तोल चांगला किंवा वाईट ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

फळी नसली तरी घड्याळ असतंच. एका पायावर किती सेकंद, ही चाचणी कुठल्याही ओट्यावर होते. पण वयानुसार ती वेगवेगळ्या तऱ्हेनं फसवते. अमेरिकेतल्या २००७च्या एका अभ्यासात चाळिशीच्या आतले लोक डोळे उघडे ठेवून ४५ सेकंदांची कमाल मर्यादा सहज गाठत होते. सगळेच पूर्ण गुण घेत असतील तर त्यांच्यातला फरक दिसणार कुठे? उलट, डोळे मिटल्यावर ऐंशीच्या पुढचे लोक दोनेक सेकंदांत पाय टेकत. तिथे घड्याळाचं बटण अर्धा सेकंद उशिरा दाबलं गेलं तरी निकाल फिरतो. म्हणून तरुणांना डोळे मिटून एका पायावर उभं करावं, म्हाताऱ्यांना दोन्ही पायांवर, आणि या दोन गटांचे आकडे एकाच रकान्यात कधीही मांडू नयेत.

बाकी सगळं शिस्तीचं काम आहे. अनवाणी पाय. जमिनीवर खडूनं आखलेल्या पावलांच्या खुणा, म्हणजे दुसऱ्या दिवशीही पावलं तिथेच पडतील. समोर डोळ्यांच्या उंचीवर एक ठिपका. पहिली खेप सरावाची, ती मोजायची नाही. वेळ शक्यतो सकाळची. दिवसभर लाकडं वाहून आलेल्या माणसाची संध्याकाळी मोजलेली थकावट तोल म्हणून लिहिली जाते. सूचनेचे शब्दही ठरलेले हवेत, कारण ‘आरामात उभे राहा’ आणि ‘अजिबात हलू नका’ यांनी डोलणं खरोखरच बदलतं. धडगावात ही सूचना पावरीत किंवा भिलीत द्यावी लागेल आणि ती प्रत्येकाला तीच असावी लागेल. म्हातारं माणूस उभं असताना शेजारी एक जण हात पुढे करून थांबलेला हवाच.

आणखी एक गोष्ट कागदावर सहज निसटते. डोंगरातल्या कित्येक वृद्धांची आधार कार्डावरची जन्मतारीख १ जानेवारी असते, म्हणजे अंदाजानं टाकलेली. वयोगटांची तुलना करायची आणि वयच अंदाजाचं, असं कसं चालेल? ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता, गुरं राखायला जात होता का, लग्न झालं होतं का,’ असं विचारून वयाचा अधिक नेमका अंदाज बांधता येतो. नोंदीच्या कार्डावर सेकंदांच्या शेजारी वय कशावरून ठरवलं, हे लिहायला एक रकाना ठेवावा.