हिरड्यांतील रक्त : दोष दातांचा की रक्ताचा?

हिरड्यांतून रक्त येणे ही इतकी परिचित तक्रार आहे की, सकाळच्या बोरिवली लोकलसाठी धावणारा नोकरदार तिकडे सहसा लक्षच देत नाही. बहुधा त्याचे काही बिघडतही नाही. दातांच्या मुळाशी साचलेल्या किटणामुळे हिरड्या सुजतात, दात घासताना रक्त दिसते आणि दंतवैद्याने दात स्वच्छ केले की ते थांबते. परंतु हिरड्या निरोगी दिसत असूनही रक्त झिरपू लागले, तर त्याचे कारण रक्तात शोधावे लागते.

सूक्ष्म रक्तवाहिनीला इजा झाली की ते छिद्र प्रथम बुजवतात त्या रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट. एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारणतः १.५ ते ४.५ लाख असतात. ही संख्या फार घटली की तिच्या खुणा तोंडात लवकर दिसतात, कारण तेथील अस्तर नाजूक असून चावताना सतत घासले जाते. टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. दाबले तरी ते फिके पडत नाहीत. गालाच्या आत रक्ताचे काळसर फोड येतात. झोपेत झिरपलेल्या रक्ताचे डाग सकाळी उशीवर आढळतात.

पावसाळ्यात घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरीपर्यंत डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा या खुणांना विशेष अर्थ येतो. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात. खरा धोका नेमका त्याच सुमारास असतो. हिरड्यांतून रक्त, पोटात तीव्र वेदना वा वारंवार उलट्या असल्यास पपईच्या पानांच्या रसावर विसंबून वेळ दवडू नये. घाटकोपरचे राजावाडी वा जुहूचे कूपर यांसारखे रुग्णालय त्वरित गाठावे. अंगदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मुळीच घेऊ नये. त्यांमुळे रक्तस्राव बळावतो.

ताप नसतानाही अशा खुणा दिसू शकतात. शरीराची प्रतिकारयंत्रणाच कधी रक्तबिंबिका नष्ट करते. मुलांमध्ये हे पुष्कळदा विषाणुसंसर्गानंतर घडते व बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. हिरड्या फुगून दातांवर चढू लागल्या, तर मात्र रक्ताच्या कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते. निदानाची पहिली पायरी म्हणजे साधी रक्तगणना. ती होईपर्यंत दात काढण्याची घाई करू नये, मऊ ब्रश वापरावा आणि रक्त येत असल्यास स्वच्छ ओली पट्टी हिरडीवर दाबून धरावी. जोराने चुळा भरल्यास धरलेली गुठळी निघून येते.