चेंडू झेलणाऱ्याची पारख

मंडळी, फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येतो आणि वर्ल्ड कपच्या वेळी टीव्ही रूममध्ये रिमोटवरून झालेली भांडणं आठवतात. हा लेख त्या फुटबॉलवर नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि एकमेकांवर आदळणारे बावीस गडी. मला याची गोडी लावली मामेभावाने. तो अटलांटाला जॉर्जिया टेकमध्ये एमएस करायला गेला आणि तिथून दर शनिवारी मॅचबद्दल लिहायला लागला. आपल्याकडे जॉर्जिया टेक म्हणजे जीआरईचा स्कोअर, प्रोफेसरला पाठवलेल्या मेल आणि न आलेली उत्तरं, एवढंच माहीत. पण या इंजिनिअरिंगच्या संस्थेचा फुटबॉल संघ फार जुना आहे, आणि पाच वर्षांच्या अंतरात तिथले तीन वाइड रिसीव्हर व्यावसायिक खेळात गेले. एक दंतकथा झाला, एक अव्वल ठरला आणि एक दोन हंगामांत दिसेनासा झाला. हे आधी ओळखता आलं असतं का? कॉलेजात चमकणारा पोरगा पुढे टिकेल की नाही हे कशावरून ठरवतात, तेवढंच या लेखात सांगायचा प्रयत्न करतो.

आधी खेळ थोडक्यात

चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. दहा झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पुढे जायचे दोन मार्ग: चेंडू पोटाशी धरून पळणं किंवा हवेतून फेकणं. फेकणारा तो क्वार्टरबॅक. मैदानाच्या कडेला उभा राहून, पळत सुटून तो चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. क्वार्टरबॅककडे फेकायला साधारण अडीच ते तीन सेकंद असतात, कारण तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर येतात. म्हणजे रिसीव्हरने त्या अडीच सेकंदांत कॉर्नरबॅकपासून सुटायचं.

सुटायचं कसं? ज्यांनी शाळेत खो-खो खेळलाय त्यांना हे लगेच कळेल. तिथे नुसता जोरात पळणारा वाचत नाही, हुलकावणी देणारा वाचतो. इथे ती हुलकावणी आधीच आखलेली असते, तिला रूट म्हणतात. बहुतेक संघ मुख्य रूटना एक ते नऊ असे आकडे देतात. नऊ नंबर म्हणजे सरळ नाकासमोर पळत सुटणं. साधारणपणे विषम आकडे मैदानाच्या कडेकडे वळतात आणि सम आकडे मधल्या भागाकडे. पूर्ण वेगात असताना दोन पावलांत थांबून वळणं, आणि वळायच्या आधी खांद्याची किंवा मानेची हालचाल समोरच्याला कळू न देणं, ही खरी विद्या.

स्टॉपवॉच काय सांगतं

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. दर एप्रिलला ड्राफ्ट होतो. सात फेऱ्या असतात, आणि आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कोणाला त्यात उतरता येत नाही. त्याआधी इंडियानापोलिसला निवडक खेळाडूंची तपासणी होते, ती कंबाइन. उंची, वजन, हाताच्या पंजाचा आकार, उड्या, वळणं आणि सगळ्यात गाजलेली चाळीस यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची दौड. आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी जशी ॲप्टी असते ना, तसंच.

आता या दौडीला किती किंमत द्यायची? ४.३५ सेकंद आणि ४.५५ सेकंद यात फरक फक्त ०.२ सेकंदाचा. पण त्या वेगात ०.२ सेकंद म्हणजे जवळजवळ दोन मीटर. कॉर्नरबॅकचा हात चेंडूला लागायचा की नाही, हे दोन मीटरमध्ये ठरतं. म्हणजे वेग बिनकामाचा नाही. पण २०१७ चा ड्राफ्ट बघा. जॉन रॉसने ४.२२ सेकंदांत दौड मारून तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. त्याच वर्षी ईस्टर्न वॉशिंग्टन नावाच्या लहान विद्यापीठाचा कूपर कप ४.६२ सेकंदांत पळाला आणि ६९ व्या क्रमांकावर गेला. २०२१ च्या हंगामात कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला होता.

यातून ‘वेग निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढू नका. वेग ही पात्रतेची अट आहे. ठरावीक पातळीच्या खाली असलात तर अवघड, पण त्या पातळीच्या वर गेल्यावर मार्क वेगळ्याच गोष्टीला मिळतात.

आकडे कसे वाचायचे

आता जॉर्जिया टेककडे येऊ. पहिला केल्विन जॉन्सन. साडेसहा फुटांच्या जवळ उंची, १०८ किलो वजन. कंबाइनला दुसऱ्या खेळाडूचे बूट उसने घेऊन पळाला आणि वेळ आली ४.३५. (उसने बूट ही फक्त आपल्या हॉस्टेलची परंपरा नाही, हे वाचून बरं वाटलं.) २००६ साली त्याने ७६ झेल आणि १,२०२ यार्ड केले, तेही अशा क्वार्टरबॅकसोबत ज्याचे निम्मेही थ्रो पोचत नव्हते. २००७ साली डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, २०१२ मध्ये त्याने एका हंगामात १,९६४ यार्डांचा विक्रम केला आणि २०२१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. अशाची पारख करायला तज्ज्ञ लागत नाही.

खरी परीक्षा पुढच्या दोघांची. २००८ मध्ये तिथे पॉल जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांची पद्धत ट्रिपल ऑप्शन. यात चेंडू फेकायचाच नाही, शक्यतो पळवायचा. इतर संघ सामन्यात तीस-चाळीस वेळा चेंडू फेकतात, तर हा संघ सरासरी डझनभर वेळा. अशा संघात रिसीव्हर बहुतेक वेळ पळणाऱ्यासाठी धक्के मारून वाट मोकळी करत असतो. मग त्याचे झेल मोजून काय उपयोग?

इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. नुसतं आउटपुट बघू नका, इनपुटने भागा. २००९ साली डिमेरियस थॉमसने ४६ झेल आणि १,१५४ यार्ड केले. ४६ हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्या अख्ख्या हंगामात मुख्य क्वार्टरबॅकचे सगळे मिळून यार्ड होते सुमारे १,७००. म्हणजे दोन तृतीयांश यार्ड एकट्या थॉमसचे. प्रतिस्पर्ध्याला माहीत होतं की फेकला तर चेंडू यालाच येणार, तरी अडवता आलं नाही.

पण थांबा. दर झेलाची सरासरी पाहिली तर थॉमसची २५ यार्ड आणि त्याच्यानंतर आलेल्या स्टीफन हिलची २०११ सालची २९ यार्ड. यावरून हिल सरस ठरवाल तर फसाल. संघ सतत चेंडू पळवतो म्हटल्यावर बचाव करणारे सगळे पुढे सरकतात, कडेच्या रिसीव्हरसमोर एकच गडी उरतो आणि मागे मैदान रिकामं. त्यात सापडलेला झेल लांबचाच असणार. ही सरासरी खेळाडूची कमी आणि पद्धतीची जास्त. शिवाय हिलचे झेल होते २८, यार्ड ८२०, म्हणजे संघातला त्याचा वाटा निम्म्याच्या आसपास. सॅम्पल इतकं लहान की दोन लांब झेल कमी पडले तर आलेख बदलतो.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. थॉमस २००७ पासून खेळत होता, म्हणजे नवीन प्रशिक्षक येण्याआधी. त्या पहिल्या वर्षी संघ नेहमीच्या पद्धतीने चेंडू फेकायचा आणि त्यात थॉमसने ३५ झेल घेतले होते. पुढच्या दोन वर्षांत पद्धत पार बदलली, तरी यार्ड ५५८ वरून ६२७ आणि मग १,१५४ झाले. लोड बदलला तरी मशीन चाललं. हिलला मात्र कॉलेजची सगळी वर्षं ट्रिपल ऑप्शनमध्येच काढावी लागली. तो नेहमीच्या पद्धतीत काय करेल याचा पुरावाच नव्हता. कंबाइनला तो ६ फूट ४ इंच उंची घेऊन ४.३६ सेकंदांत पळाला आणि न्यूयॉर्क जेट्सने त्याला ४३ व्या क्रमांकावर घेतलं.

फिल्म का बघायची

जे आकड्यांत नाही ते शोधायला सामन्यांचं चित्रीकरण बघतात. यात साधारण चार गोष्टी तपासतात. एक, सुरुवात. एनएफएलमध्ये कॉर्नरबॅक पहिल्या पाच यार्डांत हातांनी रिसीव्हरला अडवू शकतो. त्या ढकलाढकलीतून हा सुटतो का? दोन, रूट. नऊ नंबरशिवाय किती रूट त्याला नीट येतात? तीन, झेल. चेंडू छातीवर आपटून पकडतो की शरीरापासून लांब, नुसत्या हातांनी? चार, पाय. कॉलेजमध्ये झेलताना एक पाय सीमेच्या आत टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. वर्षानुवर्षं एकाच पायाची सवय झालेल्या पोराला ते नव्याने शिकावं लागतं.

तरीही अंदाज का चुकतात

आता तुम्ही म्हणाल, वा, सगळं ठरवता येतं की. नाही. थॉमसला २०१० साली डेन्वरने २२ व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टच्या आधीच पाय मोडल्यामुळे तो कंबाइनला पळूसुद्धा शकला नव्हता. तरी त्या वर्षी निवडला गेलेला तो पहिला रिसीव्हर. पहिल्या दोन हंगामांत, दुखापतींसकट, त्याचे झेल झाले ५४. हिलचे पहिल्या दोन हंगामांतले झेल ४५. दोन वर्षांनी दोघांची मार्कलिस्ट शेजारी ठेवली असती तर फार मोठा फरक दिसला नसता.

मग २०१२ मध्ये डेन्वरकडे पेटन मॅनिंग हा जगातल्या उत्तम क्वार्टरबॅकपैकी एक आला. थॉमसने त्या हंगामापासून सलग पाच वेळा हजारच्या वर यार्ड केले आणि संघाने २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. हिलच्या वाट्याला असा क्वार्टरबॅक आला नाही, गुडघा दुखत राहिला आणि तिसऱ्या हंगामाआधी जेट्सने त्याला सोडलं. त्याची एनएफएलमधली नोंद त्या ४५ झेलांवरच थांबली. मी थॉमसलाच वरचढ मानतो, कारणं वर दिलीच आहेत. पण दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढून नियम सांगणाऱ्याला आपले सर व्हायवात उभा करतात, हे विसरू नका. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूला संघ जास्त वेळ देतात, मागच्या फेरीतल्याला कमी. म्हणजे पारख करणाऱ्याचा अंदाज पुढच्या निकालात स्वतःच ढवळाढवळ करतो. आपल्याकडे पहिल्या वर्षी ‘हुशार’ असा शिक्का बसलेल्याला चौथ्या वर्षापर्यंत सांभाळून घेतात, त्यातलाच प्रकार.

आणि एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते, ती म्हणजे शरीराची किंमत. थॉमस २०२१ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी वारला. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूला सीटीई हा आजार आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. केल्विन जॉन्सनने तर तिशीतच, चांगला खेळत असताना, खेळ सोडला. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभर जणांतले दोघंही व्यावसायिक होत नाहीत, आणि जे होतात त्यांचा हिशोब असा असतो. त्यामुळे पदवी पूर्ण करा असं तिथलेही प्रशिक्षक सांगतात.

तेव्हा पुढच्या एप्रिलला कोणी ‘अमुक पोरगा ४.३ मध्ये पळाला, हाच पुढचा स्टार’ म्हणालं, तर चार प्रश्न विचारा. संघाने किती वेळा चेंडू फेकला? त्यातला याचा वाटा किती? पद्धत किंवा क्वार्टरबॅक बदलल्यावर याचं काय झालं? आणि ज्या संघात चाललाय तिथे फेकणारा कोण आहे? चारपैकी तीन उत्तरं चांगली आली तर पैज लावायला हरकत नाही. पैज मात्र मेसच्या गुलाबजामपुरतीच ठेवा.