पिळलेली सळई आणि ट्रकचे झुकलेले नाक

अमेरिकेत शेतकरी, सुतार, गवंडी असे अनेक लोक 'पिकअप' नावाचा छोटा ट्रक वापरतात. पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी त्याची रचना असते. रिकामा पिकअप बाजूने नीट पाहिला, तर तो पुढच्या बाजूस किंचित झुकलेला दिसतो. हा दोष नव्हे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि मागची बाजू खाली येते. तेव्हा गाडी साधारण समपातळीत यावी, म्हणून कारखान्यातच ही तरतूद केलेली असते.

परंतु जे मालक माल फारसा वाहत नाहीत, त्यांना हे झुकलेले नाक आवडत नाही. मग ते घरच्या अंगणातच पुढची बाजू उचलून घेतात. काही जुन्या गाड्यांत त्यासाठी प्रत्येक बाजूचा एक बोल्ट फिरवणे पुरते. हा बोल्ट फिरवल्याने पुढची स्प्रिंग अधिक कडक होते, असा सर्रास समज आहे. तो खरा आहे का, हे आपण पदार्थविज्ञानाच्या आधारे तपासून पाहू.

१९८८ ते १९९८ या काळातील शेव्हरोले कंपनीचा, चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारा पिकअप उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या पुढच्या चाकांना वेटोळ्यांची स्प्रिंग नसते. तिच्या जागी पोलादाची एक सरळ, लांब सळई असते. तिला 'टॉर्शन बार' म्हणतात. तिचे पुढचे टोक चाक धरणाऱ्या खालच्या भुजेत बसवलेले असते. मागचे टोक गाडीच्या सांगाड्यातील एका आडव्या तुळईपाशी, एका छोट्या दांड्यात अडकवलेले असते. चाक वर गेले की भुजा फिरते आणि सळईला पीळ बसतो. सळई तो पीळ सोडवू पाहते. गाडीचे वजन पेलले जाते ते या धडपडीमुळेच.

पिळाचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम याने १७८४ साली तारांवर प्रयोग करून मांडला. पिळाचा कोन हा लावलेल्या आघूर्णाच्या समप्रमाणात असतो. शिवाय सळईचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढवला तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो!

आता एक गणित करू. समजा, एका चाकावर ५००० न्यूटन भार आहे आणि भुजेची लांबी ०.४ मीटर आहे. मग सळईवर २००० न्यूटन-मीटर आघूर्ण येते. सळई १.२ मीटर लांब आणि २८ मिलिमीटर व्यासाची धरली, तर तिला सुमारे अर्धा रेडियन, म्हणजे २८ अंशांचा पीळ बसेल.

आता मागचा बोल्ट आवळू. त्यामुळे तिथला छोटा दांडा, आणि त्याबरोबर सळईचे मागचे टोक, समजा ६ अंशांनी फिरले. मग सळईतला पीळ २८ चा ३४ अंश होईल काय? नाही! गाडीचे वजन तेवढेच आहे, म्हणून आघूर्ण तेवढेच आणि पीळही जवळजवळ तेवढाच राहील. मागचे टोक जितके फिरले, तितकीच पुढची भुजा फिरेल आणि गाडीचे नाक सुमारे ४ सेंटिमीटर वर येईल. सळईची लांबी, व्यास किंवा पोलाद यांपैकी काहीच बदललेले नाही. म्हणून तिचा ताठपणाही बदललेला नाही.

हे शाळेच्या प्रयोगशाळेत सहज पडताळता येते. स्टँडला स्प्रिंग टांगून तिला २०० ग्रॅमचे वजन अडकवा आणि स्प्रिंगची लांबी मोजा. आता स्टँडवरची पकड ४ सेंटिमीटर वर सरकवा. वजन तेवढेच वर येईल, पण स्प्रिंगची लांबी तीच राहील. बोल्ट फिरवणे म्हणजे ही पकड सरकवणेच होय.

मग बोल्ट आवळल्यावर गाडी अधिक आदळते, अशी तक्रार का येते? चाकाला वर-खाली जाण्यास ठरावीक वाट असते. समजा, ती दोन्हीकडे १० सेंटिमीटर आहे. नाक ४ सेंटिमीटर उचलले की चाकाला खाली जाण्यास फक्त ६ सेंटिमीटर उरतात. खड्डा आला की चाक लवकर शेवटच्या अडणीवर आपटते. उंची फुकट मिळत नाही. ती या वाटेतून वजा होते.

आणखीही परिणाम होतात. भुजा वर्तुळाच्या कंसात फिरत असल्याने चाकांचा तिरपेपणा बदलतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणून उंची बदलल्यावर चाकांची संरेखा तपासून घ्यावीच लागते. दिव्यांचे झोतही वर उचलले जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.३ मीटर अंतर असेल, तर नाक ४ सेंटिमीटर उचलल्यामुळे २५ मीटरवर झोत सुमारे ३० सेंटिमीटर वर जातो. हौद्यात माल भरला की नाक आणखी वर होते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. आपल्या उदाहरणातील सळईत ½ × २००० × ०.५ = ५०० जूल ऊर्जा साठलेली असते. ५० किलोग्रॅमचे पोते एक मीटरवरून पडावे, इतकी! जॅकने गाडी उचलून चाक लोंबकळत ठेवले तरी १४ अंशांचा पीळ उरतोच. बोल्ट आवळल्यानंतर तो २० अंश होतो. ऊर्जा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती दुप्पट होते. म्हणून सळई काढायची असेल, तर कसबी कारागीर आधी खास साधनाने पीळ उतरवून घेतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कोणीही कधीच शिरू नये. भक्कम लोखंडी स्टँड आणि चाकांना अडणी हव्यातच.

मापनातही शिस्त हवी. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. असे केल्याने टायरमधील हवेचा फरक आड येत नाही. गाडी खाली उतरवल्यावर ती थोडी पुढेमागे ढकलून मगच पुन्हा माप घेतात. उतरताना चाके बाजूला घासतात आणि त्या घर्षणामुळे पहिले माप फसवे येते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. वरच्याच ट्रकला २८ ऐवजी ३० मिलिमीटर व्यासाची सळई बसवली, तर तेवढ्याच भाराखाली पीळ किती अंश होईल? कूलोमचा नियम वापरून उत्तर काढा. मग बोल्ट फिरवणे आणि सळई बदलणे यांतला फरक तुम्हीच इतरांना समजावून सांगू शकाल.