सव्वासहा सेंटांची नोट

अमेरिकेतल्या जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या संग्रहात कधीकधी एक विचित्र रकमेची नोट दिसते. सव्वासहा सेंट. तिच्याच शेजारी तिची थोरली बहीण असते, साडेबारा सेंटांची. दहा, पंचवीस, पन्नास हे आपण समजू शकतो. पण ज्या देशात शंभर सेंटांचा डॉलर, तिथे हा सव्वा आणि साडेचा हिशेब कशासाठी? त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे यातल्या काही नोटांवर सरकारचं नाव नसतं, बँकेचंही नसतं. नाव असतं ते रस्ता बांधून त्यावर टोल घेणाऱ्या एखाद्या कंपनीचं.

रकमेचं कोडं आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना चटकन सुटेल. सोळा आण्यांचा रुपया होता आणि १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा झाला. तेव्हा एका आण्याचे काटेकोर हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होत आणि चवलीचे साडेबारा. अमेरिकेतही नेमकं हेच घडलं होतं. तिथे लोकांच्या हातात खेळत होता तो स्पॅनिश चांदीचा डॉलर. त्याचे आठ भाग, म्हणजे आठ रेआल. एक रेआल साडेबारा सेंटांचा, अर्धा सव्वासहा सेंटांचा. अमेरिकेने १७९२ मध्ये कायदा करून स्वतःची टांकसाळ काढली, पण तिची सुटी नाणी देशाला पुरत नव्हती. म्हणून हे परदेशी नाणं १८५७ पर्यंत तिथे कायदेशीर चलन राहिलं. पेन्सिल्व्हेनियात सव्वासहा सेंटांना ‘फिप’ आणि साडेबारा सेंटांना ‘लेव्ही’ म्हणत. भाव बोलायचा तो फिप आणि लेव्हीत, जमाखर्च लिहायचा तो सेंटांत.

आता रस्त्याकडे येऊ. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशात रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. राज्य सरकारांच्या तिजोऱ्या युद्धाच्या कर्जाने रिकाम्या. मग पेन्सिल्व्हेनियाने १७९२ मध्ये एका खासगी कंपनीला सनद दिली. लोकांकडून भांडवल गोळा करा, फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा बासष्ट मैलांचा रस्ता खडी घालून पक्का करा आणि टोल घेऊन आपले पैसे वसूल करा. आज आपण ज्याला ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणतो त्याचा हा पूर्वज. फक्त हस्तांतराची घाई कुणाला नव्हती. नाक्यावर एक आडवा दांडा असे, पैसे दिले की तो फिरे. त्यावरून अशा रस्त्यांना टर्नपाइक म्हणू लागले. पुढच्या अर्धशतकात देशाच्या पूर्व भागात अशा दीड हजारांहून अधिक कंपन्यांना सनदा मिळाल्या.

टोलचे दर वाचण्यासारखे असत. घोड्याचा वेगळा, बग्गीचा वेगळा, मेंढ्या-डुकरांच्या कळपाचा कोडीवर, म्हणजे विसाच्या हिशेबाने. गाडीच्या चाकाची धाव अरुंद असेल तर जास्त टोल, रुंद असेल तर कमी, कारण अरुंद चाक रस्ता कापतं आणि रुंद चाक तो दाबून बसवतं. काही राज्यांत चर्चला किंवा गिरणीवर दळायला जाणाऱ्याला माफी असे. (दर रविवारी किती जण अचानक भाविक होत असतील, ते नाकेदारालाच ठाऊक!) या सगळ्यात ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच, की टोल म्हणजे सुट्या पैशांचा धंदा. चार सेंट इथे, सहा सेंट तिथे. सुटे नसतील तर दांडा फिरायचा कसा?

आणि सुटे खरोखरच नाहीसे झाले. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश फौजेने वॉशिंग्टन जाळलं. घबराट पसरली आणि न्यू इंग्लंड सोडून इतर भागांतल्या बँकांनी नोटांच्या बदल्यात चांदी देणं थांबवलं. ते १८१७ पर्यंत नीट सुरू झालं नाही. बँक चांदी देत नाही म्हटल्यावर हातातली चांदी कोण सोडणार? रेआल, अर्धा रेआल, सगळं घरोघरी गाडग्या-मडक्यांत गेलं. बँकांच्या नोटा होत्या, पण त्या डॉलरांच्या. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँका थांबल्या आणि पुन्हा तोच प्रकार घडला.

आपल्याला हे दृश्य अगदीच अपरिचित नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा नाक्यांवर रांगा लागल्या आणि राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल २ डिसेंबरपर्यंत बंद ठेवावा लागला. आपल्याकडे सरकारने टोल थांबवला. तिकडे कंपन्यांनी टोल न थांबवता नोटा छापल्या.

छापणं अवघड नव्हतं. नोटा कोरणाऱ्या छापखान्यांकडे चित्रांचा तयार साठा असे. जहाज, गव्हाची पेंढी, घोडागाडी, हवं ते निवडा. नोट एकाच बाजूने छापायची आणि कंपनीच्या अध्यक्षाने व खजिनदाराने तिच्यावर शाईने सही करायची. सही झाली की कागदाचा पैसा झाला.

पण लोकांनी तो घेतला का? इथेच या नोटेचं मर्म आहे. समजा, कंपनीने खडी फोडणाऱ्या मजुराला आठवड्याची मजुरी या नोटांत दिली. मजुराकडे घोडा नाही, गाडी नाही. त्याला टोल भरायचाच नाही. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे माल याच रस्त्याने येतो. तो नोट घेऊन मजुराला पीठ देतो. दुकानदाराला धान्य विकणारा शेतकरी महिन्यातून चारदा नाका ओलांडतो. तोही ती घेतो आणि शेवटी नाकेदाराच्या हातात ठेवतो. नोट जिथून निघाली तिथे परत आली. तिच्यामागे सोनं-चांदी नव्हती, होता तो दांडा फिरण्याचा हक्क. ज्याला या रस्त्याने जायचंच आहे त्याच्यासाठी तो चांदीइतकाच खरा.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे बिनव्याजी कर्ज होतं. मजुरी आज भागली, टोल उद्या बुडाला. मधल्या काळात नोट गावात फिरत राहिली, काही फाटल्या, काही हरवल्या, तेवढा निव्वळ नफा. आणि कंपन्यांना नफ्याची गरज होती, कारण रस्त्याचा धंदा मुळात फायद्याचा नव्हता. बहुतेक टर्नपाइक कंपन्यांनी जेमतेम लाभांश दिला, पुष्कळांनी कधीच दिला नाही. लोक नाक्याला वळसा घालून चोरवाटेने गाड्या काढत. त्या वाटांना ‘शनपाइक’ असं नावच पडलं होतं. भाग घेणारे बहुतेक जवळपासचे शेतकरी, व्यापारी आणि जमीनदार. रस्ता झाला की जमिनीला भाव येईल, यावर त्यांची भिस्त होती.

या व्यवस्थेत दुबळी जागा एकच होती, पण ती मोठी होती. नाक्यापासून जसजसं लांब जावं तसतशी नोट हलकी होई. चाळीस मैलांवरच्या बाजारात या रस्त्याचा टोल कुणाला हवा? तिथला व्यापारी बट्टा कापूनच घेणार. शिवाय अशा सुट्या नोटांवर पुष्कळदा बारीक अक्षरांत एक अट असे : पाच डॉलरांच्या नोटा एकदम आणाल तरच बदलून मिळतील, आणि त्याही चालू बँक नोटांत. सव्वासहा सेंटांच्या ऐंशी नोटा जमवल्या की पाच डॉलर होतात. मजुराकडे ऐंशी नोटा कधी जमणार? आणि जमल्या तरी हातात चांदी नाहीच, कागदाच्या बदल्यात कागद. धनिक माणूस बट्टा कापून घेतलेल्या नोटा गोळा करून त्या पूर्ण किमतीला वटवू शके. ज्याने घाम गाळून ती नोट मिळवली त्याला मात्र ते जमत नसे. लोकांनी या चिटोऱ्यांना ‘शिनप्लास्टर’ असं नाव ठेवलं, म्हणजे नडगीच्या जखमेवर चिकटवायची पट्टी. कागद तेवढ्याच लायकीचा, असा त्याचा अर्थ.

हे किती थराला जाऊ शकतं, ते एका कालव्याच्या कंपनीने दाखवलं. पोटोमॅक नदीकाठचा चेसापीक-ओहायो कालवा १८२८ मध्ये खणायला घेतला. यातही टोल घ्यायचा तो जाणाऱ्या नावांवर. पैसे संपत आले तसे कंपनीने १८३४ मध्ये, मग १८३७ मध्ये आणि त्यानंतरही आपले कागद काढले आणि ठेकेदारांची देणी त्यांत भागवली. ठेकेदारांनी ते मजुरांच्या हातांत ठेवले. कागदाचा भाव घसरत गेला. आता गंमत पाहा. घसरलेला कागद स्वस्तात विकत घ्यायचा आणि टोल भरताना पूर्ण किमतीला द्यायचा, यासारखा सोपा फायदा नावाड्याला दुसरा कुठला? म्हणजे ज्या नाक्यामुळे कागदाला किंमत होती, त्याच नाक्यावर कंपनीची रोख आवक आटणार. १८४२ मध्ये काम थांबलं. कंबरलंड गावापर्यंत कालवा पोचला तो १८५० मध्ये, आणि आगगाडी त्याच्या आठ वर्षं आधीच तिथे पोचली होती.

बंदी घालण्याचे प्रयत्न राज्यांनी पुष्कळ केले. पेन्सिल्व्हेनियाने १८२८ मध्ये पाच डॉलरांखालच्या नोटांना मनाई केली. पण १८३७ मध्ये चांदी गायब झाल्यावर कायदा कागदावर राहिला आणि कागद बाजारात आला. सुट्याची गरज कायद्याने भागत नाही. शेवटी यादवी युद्धात चांदी पुन्हा लपली तेव्हा, १७ जुलै १८६२ रोजी, अमेरिकी काँग्रेसने दोन्ही गोष्टी एकदम केल्या. एक डॉलरहून कमी रकमेचा खासगी पैसा काढणं गुन्हा ठरवलं आणि सुट्यासाठी पोस्टाची तिकिटं चालतील असं जाहीर केलं. पाठोपाठ सरकारने स्वतःच सेंटांच्या नोटा छापल्या. योगायोग असा, की बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांचा नोटा काढायचा हक्क काढून घेणारा आपल्याकडचा कायदाही १८६१ चा, आणि तो अमलात आला १८६२ मध्येच.

रस्ते तोवर मागे पडले होते. लांबचा माल आगगाडीने जाऊ लागला, नाके ओस पडले, कित्येक कंपन्यांनी रस्ते सोडून दिले. उरल्या त्या नोटा. त्यातल्या काही कोऱ्या, सही न झालेल्या, छापखान्यातून निघून कधीच बाजारात न गेलेल्या. त्या हाताला कडक लागतात. पण एखादी मऊ पडलेली, चार घड्यांची, मागे कुणीतरी पेन्सिलीने बेरीज केलेली सापडते. तिच्यावर सही आहे, पण रद्द केल्याची खूण नाही. म्हणजे ती कुणीतरी मजुरीत किंवा मालाच्या मोबदल्यात घेतली होती आणि ती नाक्यावर परत गेलीच नाही.