सामायिक फाईलसेवेची देखरेख : वैतरणाकाठच्या ध्वनिमुद्रणांच्या निमित्ताने

वैतरणेच्या खोऱ्यातील व लगतच्या किनाऱ्यावरील बोली अभ्यासकांना नव्या नाहीत. ग्रिअरसन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारली, वाडवळी, सामवेदी यांची दखल छापील नमुन्यांतून घेतलेली आहे. आज हे कार्य ध्वनिमुद्रणाने होते. सेकंदास ४८,००० नमुने व प्रत्येकी २४ बिट या मानाने एका ध्वनिमार्गाचे तासभराचे मुद्रण सुमारे ५१८ मेगाबाईट जागा व्यापते. ही मुद्रणे विभागातील सर्वांना वापरता यावीत म्हणून सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवण्यात येतात. आमच्याकडे ही सेवा 'सांबा' या प्रणालीवर चालते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ साली कॅनबेरा येथे तिचा आरंभ केला. एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द शब्दसंग्रहात शोधून पुढे तिचे नामकरण झाले, ही गोष्ट कोशकारांस कौतुकाची वाटावी.

अशा सेवेवर देखरेख ठेवणे म्हणजे काय? सेवा चालू आहे का व ४४५ क्रमांकाचे पोर्ट प्रतिसाद देते का, हे ठराविक वेळाने तपासावे, असे प्रचलित उत्तर आहे. ते किती अपुरे आहे, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास एका पावसाळ्यात आला. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला. सेवाही सुरू झाली. परंतु मुद्रणांची स्वतंत्र डिस्क जोडली गेली नाही. डिस्क जोडण्याचे ठिकाण म्हणजे मूळ डिस्कवरील एक रिकामा फोल्डरच असतो. सेवा तोच फोल्डर निमूटपणे पुढे करीत राहिली. तपासणीचे सारे दिवे हिरवे होते! एका विद्यार्थिनीने वैतरणाकाठच्या एका पाड्यावरील वारली आजींच्या कथांची चार मुद्रणे तेथे उतरविली आणि ध्वनिमुद्रकातील कार्ड पुसले. दोन दिवसांनी डिस्क जोडण्यात आली, तेव्हा ती चारही तिच्याखाली झाकली गेली. बऱ्याच शोधानंतर, डिस्क सुटी केल्यावर, तीन हाती लागली. चौथे, मूळ डिस्क भरल्यामुळे, मध्येच तुटले होते. तशी सूचना पडद्यावर आली असेलही. ती कोणी वाचली नाही. आजी तोवर निवर्तल्या होत्या.

येथे लिहून पाहण्याची कसोटीही फसली असती, कारण लेखन चुकीच्या जागी का होईना, यशस्वी होत होते. म्हणून कसोटी जुन्या फाईलची हवी. मुद्रणांच्या डिस्कवरच एक लहान खूणफाईल ठेवावी. ती दुसऱ्या संगणकावरून, सामान्य वापरकर्त्याच्या नावाने, नेटवर्कमार्गेच वाचावी. आणि तिच्यातील बाइटांवरून काढलेली पडताळासंख्या पूर्वी नोंदविलेल्या संख्येशी ताडावी. डिस्क जोडली गेल्याखेरीज सेवा सुरूच होऊ नये, अशी तजवीजही करता येते. ती आधी करावयास हवी होती. दोन्ही डिस्कवरील मोकळ्या जागेची नोंद तर ठेवावीच.

आमच्याकडे आता मूळ मुद्रण व सर्व्हरवरून परत वाचलेली प्रत यांच्या पडताळासंख्या जुळल्यावाचून कोणतेही कार्ड पुसले जात नाही. चौथ्या मुद्रणातील कथा जेथे तुटते, तेथपर्यंतचे लिप्यंतर पूर्ण झाले आहे.