सुपिरियरकाठचे पाहुणे: उपाशी की सुखवस्तू?

नोव्हेंबर लागला की अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचे सुपिरियर सरोवर खवळू लागते. 10 नोव्हेंबर 1975 रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे 222 मीटर लांबीचे मालवाहू जहाज 29 खलाशांसह बुडाले, ते इथल्या अशाच वादळात. याच दिवसांत सरोवराच्या पश्चिम टोकावरच्या डुलुथ शहरात पक्षिनिरीक्षक लोकरीच्या कपड्यांत स्वतःला गुंडाळून ‘हॉक रिज’ या टेकडीवर चढतात. वायव्येचा वारा सुटला की त्यांच्या दुर्बिणी वर वळतात.

कॅनडातल्या जंगलांतून दक्षिणेकडे निघालेल्या शिकारी पक्ष्यांच्या वाटेत हे सरोवर आडवे येते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 82 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर हे पक्षी पंख न हलवता तरंगतात. थंड पाण्यावर तो आधार मिळत नाही. म्हणून बहुतेक जण पाणी ओलांडायचे टाळतात आणि उत्तर किनारा धरून नैर्ऋत्येला सरकत डुलुथपाशी एकवटतात.

एकेकाळी याच टेकडीवर शिकारी त्यांना गोळ्या घालत. स्थानिक पक्षिप्रेमींनी ते थांबवले आणि 1972 पासून इथे पद्धतशीर गणना सुरू झाली. 15 सप्टेंबर 2003 या एकाच दिवशी ‘ब्रॉड-विंग्ड हॉक’ जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी इथून गेले.

सप्टेंबरची गर्दी ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात येतात ते खरे उत्तरेचे रहिवासी: सोनेरी गरुड, पायांवर पिसे असलेले रफ-लेग्ड हॉक आणि बाज. त्यांतला बाज सर्वांत बोलका आहे. एरवी तो तुरळक दिसतो, पण 1982 च्या हंगामात हॉक रिजवर पाच हजारांहून अधिक बाज मोजले गेले. उत्तरेच्या जंगलात स्नोशू जातीच्या सशांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात वाढते आणि कोसळते. ग्राऊज या रानकोंबडीसारख्या पक्ष्याचेही तसेच. दोन्ही घटले की बाजावर उपासमारीची पाळी येते आणि एरवी आपला मुलूख न सोडणारे प्रौढ पक्षीही दक्षिणेची वाट धरतात.

याच सुमारास डुलुथच्या बंदर भागात आर्क्टिकचे पांढरे हिमघुबडही उतरते. तेही भुकेपोटी येत असणार, असा समज फार काळ होता. 2013 च्या हिवाळ्यात पूर्व अमेरिकेत हिमघुबडांची लाट आली, तेव्हा चित्र उलटेच निघाले. त्या उन्हाळ्यात उत्तर क्वेबेकमध्ये लेमिंग या उंदरासारख्या प्राण्यांचा सुकाळ होता. एका घरट्याभोवती तर 70 मेलेले लेमिंग रचून ठेवलेले आढळले. भरपूर अन्न मिळाल्याने पिल्ले मोठ्या संख्येने जगली आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे पसरली. आलेल्या घुबडांत त्याच वर्षी जन्मलेल्यांचा भरणा होता आणि बरीचशी धडधाकट होती.

दोन्ही पाहुणे एकाच किनाऱ्यावर उतरतात. पण एकाच्या मागे दुष्काळ असतो, दुसऱ्याच्या मागे सुकाळ. नुसत्या संख्येवरून हा फरक कळत नाही. तो कळतो पक्ष्यांच्या वयावरून आणि वर्षानुवर्षे न चुकता ठेवलेल्या नोंदींवरून. त्यामुळे हॉक रिजसारख्या ठिकाणी जाळ्यात धरलेल्या पक्ष्याच्या पायात कडे अडकवण्याआधी त्याचे वय पिसांवरून ठरवतात आणि वजनही करतात. माणूस क्वचितच पोहोचतो अशा जंगलांची आणि टुंड्राची खबर या आकड्यांतून मिळते.

आपल्याकडे अशी नोंद घेणे अवघड नाही. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात हौशी निरीक्षकांना भाग घेता येतो. येत्या हिवाळ्यात उजनी किंवा जायकवाडीच्या काठी रोहित पक्ष्यांचा थवा दिसला, तर फोटोवर थांबू नका. त्यात गुलाबी प्रौढ किती आणि राखाडी पिसांची पिल्ले किती, हे मोजा, तारीख घाला आणि ती नोंद गणनेकडे पाठवा.