दातांवरून मांडलेली वंशावळ

नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगलीच्या दगडांतून निघालेल्या आणि स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या खटपटीने उजेडात आलेल्या एका रुंद, आखूड तोंडाच्या कवटीचे वर्णन १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केले, तेव्हा ‘ब्रॅकिऑप्स’ असे तिचे नामकरण करून त्यांनी तिची नोंद सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खाती घातली. प्राणी होता उभयचर. पण दप्तरातली ही चूक एकट्या ओवेनांची नव्हे, त्या काळच्या शास्त्राचीच होती.

ब्रॅकिऑप्ससारख्या लुप्त उभयचरांना डायनासोर समजण्याचा प्रघात अजूनही आहे. वस्तुतः त्यांचा उदय सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोरांहून जवळजवळ १० कोटी वर्षे आधीचा. ते अवाढव्य बेडूक होते, ही समजूत त्याहून मजेदार. कारण तिच्या मुळाशीही ओवेनच आहेत. हाताच्या पंजासारखी दिसणारी काही पाऊलचिन्हे त्यांनी या प्राण्यांची मानली, आणि त्या आधारावर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात १८५४ साली फुगीर बेडकांचे पुतळे उभे राहिले. ती पावले मगरींच्या दूरच्या भाऊबंदांची ठरली. पुतळे मात्र आजही तेथेच बसलेले आहेत. खरे प्राणी बहुधा चपट्या डोक्याचे, लांब शेपटीचे, दिसायला मगरीच्या जवळचे होते.

‘लॅबिरिंथोडॉन्ट’, म्हणजे चक्रव्यूहदंती, हे एक कुळ होय, असे जुनी पाठ्यपुस्तके सांगत. या प्राण्यांचा दात आडवा कापला असता त्यातील दंतद्रव्याच्या घड्या चक्रव्यूहासारख्या वळत गेलेल्या दिसतात हे खरे. परंतु तशाच घड्या मांसल परांच्या प्राचीन माशांच्या दातांतही आढळत असल्यामुळे तो एका समान पूर्वजाकडून आलेला वारसा ठरतो, आणि वारशाने सर्वांनाच मिळालेल्या वस्तूवरून एकाच शाखेची वाटणी करता येत नाही. म्हणून आज अभ्यासक टेम्नोस्पॉन्डिल या गटाचे नाव घेतात. ते नाव १८८८ साली त्सिटेल यांनी मणक्यांच्या विभागलेल्या रचनेवरून दिले, तरी गटाची आजची सीमा कवटीसह अनेक लक्षणे एकत्र पाहून आखली जाते.

हे सारे ट्रायासिक युगाअखेर संपले, हीही समजूत टिकत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत त्यांच्यापैकी एक सापडला. तेथील त्या वेळच्या थंड नद्यांत मगरींचा शिरकाव नसल्यामुळे तो तगून राहिला असावा, असे मानतात. १९९७ साली त्याचे नाव ठेवले ‘कूलासुकस’, आणि यातील ‘सुकस’ म्हणजे मगर.